गाडी थांबल्यावर दार आधी कोण बघणार? चढण्या-उतरण्याच्या नियमांबद्दल विचारायचं होतं

मुक्ता_आ
घरात एका गोष्टीवरून रोज वाद होतोय, म्हणून इथे विचारते. आमच्या गाडीत मागे तिघं बसतात: आठ वर्षांचा मुलगा, मोठी मुलगी आणि माझे सासरे. गाडी थांबायचा अवकाश, मुलगा आपल्या बाजूचं दार ढकलून मोकळा. परवा मागून एक सायकलवाली मुलगी येत होती, तिने कसंबसं हँडल वळवलं. नवरा म्हणतो, "गाडी मी चालवतो, जबाबदारी माझी. मी सांगेन तेव्हाच उतरा." माझं म्हणणं, ज्याचा हात दारावर त्यानेच आधी बघायला हवं. नियम काय सांगतो? मुलगा आता शाळेला बसने जाणार आहे, त्याला चढण्या-उतरण्याबद्दल नेमकं काय शिकवू? आणि सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यांना घाई जमत नाही.

सायकलस्वार_नि
तुम्ही दोघंही बरोबर आहात, कारण नियम दोघांनाही धरतो. रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात कलम २४ फक्त दाराबद्दल आहे: इतरांना धोका होणार नाही याची खात्री केल्याशिवाय दार उघडायचं नाही, उघडं ठेवायचं नाही, खाली उतरायचं नाही. त्यात चालक आणि प्रवासी असा भेदच नाही. जर्मनीचा नियमही सरळ म्हणतो की जो चढतो किंवा उतरतो, त्याने दुसऱ्याला धोका होऊ देता कामा नये. चालकाचं काम योग्य जागी गाडी उभी करणं आणि आरशात बघून सांगणं. पण त्याच्या आरशात दिसतं ते सगळं मागच्या सीटवरून दिसत नाही, आणि मागच्या सीटवरून दिसतं ते सगळं त्याला दिसत नाही. म्हणून दोघांनी बघायचं.

मी रोज सायकल चालवतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगतो. ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे सरकते. दार दिसलं, डोक्यात शिरलं, बोटं ब्रेकवर गेली, एवढ्यात साधारण एक सेकंद संपतो. पाच मीटरवर दार उघडलं तर ब्रेक लागायच्या आत मी दारात असतो. दाराची कड हँडलला लागली की माणूस फेकला जातो तो रस्त्याच्या मधल्या बाजूला, मागून येणाऱ्या गाडीसमोर. खरी भीती तिथे आहे. तुमच्या मुलाने उघडलेल्या दारासमोर त्या मुलीने हँडल वळवलं, तेव्हा तिच्या मागे काय येतंय हे बघायला तिला वेळच नव्हता.

यावर एक साधी सवय आहे. दाराच्या लांबच्या हाताने दार उघडायचं. डावं दार असेल तर उजवा हात, उजवं असेल तर डावा. हात तिरपा नेला की खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये नियम २३९ मध्ये ही सूचना २०२२ पासून आहे. आधी बोटभर फट, मागे नजर, मगच पूर्ण दार. आणि मुलांनी नेहमी पदपथाच्या बाजूनेच उतरायचं, त्यासाठी सीटवर सरकत जावं लागलं तरी चालेल.

जुना_वाहक
ताई, मी बसवर वाहक होतो, आता निवृत्त झालोय. बसचं मी सांगतो.

आमच्याकडे एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. गाडी थांब्यावर लागली की माझं लक्ष तिकिटाच्या पेटीवर नसायचं, पायरीवर असायचं. उतरणाऱ्या शेवटच्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीवर आलेत आणि त्याचा हात दांडीवरून सुटलाय, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय दोरी ओढायची नाही. पाय टेकले तरी पिशवीचा बंद किंवा ओढणीचं टोक दांडीला अडकलेलं असतं. माणूस खाली, पिशवी वर, आणि गाडी हलली तर तो गाडीबरोबर ओढला जातो. म्हणून मुलाला पहिलं हे शिकवा: उतरायच्या आधी दप्तर पाठीवरून काढून पुढे धरायचं, एक हात दांडीसाठी मोकळा. मोबाईल, पाण्याची बाटली, काहीही त्या हातात नको.

दुसरं, गाडी पूर्ण थांबेपर्यंत पायरीवर यायचंच नाही. चालत्या गाडीतून उतरताना अंगाला गाडीचा वेग असतो. पाय जमिनीला टेकून जागच्या जागी थांबतात, धड मात्र पुढे जातं. मागे तोंड करून उतरलेला माणूस पाठीवर आपटतो आणि डोकं लागतं. आणि पुढच्या दाराने उतरणारा पडला तर मागचं चाक त्याच्याकडेच येत असतं. "हळू चाललीय, उतरतो पटकन" म्हणणाऱ्याला मी कधी उतरू दिलं नाही. शिव्या खाल्ल्या, पण नाही म्हणजे नाही.

चढताना आधी उतरणाऱ्यांना वाट द्यायची. दाराच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं. बस येताना दिसली की मुलं तिच्याकडे धावतात, तेच सगळ्यात वाईट. थांब्याच्या कडेपासून दोन पावलं मागे राहायचं, बस थांबून दार उघडेपर्यंत तिथून हलायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता ओलांडायचा नाही. मूल बंपरला चिकटून चाललं तर चालकाला ते काचेतून दिसतच नाही, तो उंचावर बसलेला असतो. आणि चालकाला दिसलं तरी बसला ओलांडून जाणाऱ्याला दिसत नाही, बसच्या आडून मूल एकदम त्याच्या समोर येतं. बस जाऊ द्या. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा दिसू द्या. मग ओलांडा. अमेरिकेत शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकत असले की इतर वाहनांना थांबावंच लागतं. असा कायदा असला तरी मुलाने त्याच्या भरवशावर पाऊल टाकायचं नाही, दुसरी गाडी खरंच थांबली का ते बघायचं.

आणि काही खाली पडलं, रबर, वही, चेंडू, बसखाली गेलं तर वाकायचं नाही. मागे व्हायचं आणि वाहकाला किंवा मोठ्या माणसाला सांगायचं. वस्तू परत घेता येते. हे घरी दोन-चारदा प्रत्यक्ष करून घ्या, नुसतं सांगून मूल ऐन वेळी वाकतंच.

पिलियन_का
दुचाकीवाल्यांसाठी थोडक्यात. मागे बसणाऱ्याने चालकाचे दोन्ही पाय जमिनीवर आल्याशिवाय चढायचं-उतरायचं नाही, आणि आधी "बसू का?" विचारायचं. अचानक वजन पडलं की गाडी कलंडते. सायलेन्सर ज्या बाजूला असतो त्या बाजूने उतरू नका, पोटरी भाजते. लांब ओढणी, जॅकेटचा पट्टा चाकापासून वर बांधून घ्या. बाकी वाहकदादांनी सांगितलंच आहे.

मुक्ता_आ
सगळ्यांचे मनापासून आभार. लांबच्या हाताने दार उघडणं मुलाला आजच शिकवलं, लगेच जमलं. वाहककाका, तुमचं बसखालच्या वस्तूचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. अजून दोन शंका: मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावू का? अडचणीच्या वेळी मूल आत अडकणार नाही ना? आणि सासऱ्यांचं काय करू?

सायकलस्वार_नि
नक्की लावा. दार उघडलं की त्याच्या कडेला कुलपाजवळ लहानसा खटका असतो, तो फिरवायचा. मग दार आतून उघडत नाही, बाहेरून मात्र उघडतं. म्हणजे मोठ्या माणसाने उतरून, मागे बघून, बाहेरून उघडायचं. सासरे बसतात त्या बाजूला लावू नका, ते मोठे आहेत, त्यांना आतून उघडता आलंच पाहिजे. मुलाला त्या दारापासून लांब बसवा.

जुना_वाहक
सासऱ्यांना पदपथाच्याच बाजूला बसवा, म्हणजे मागून कुणी येतंय या धास्तीत त्यांना घाई करावी लागणार नाही. बसताना गाडीकडे पाठ करून आधी सीटवर बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. एक पाय आत, एक बाहेर असं वळलं की सगळा भार एका गुडघ्यावर येतो. उतरताना उलटं: दोन्ही पाय बाहेर, दोन्ही तळवे जमिनीवर, मग उठायचं. आधाराला उघडं दार धरू देऊ नका, ते हलतं आणि माणूस त्याच्याबरोबर जातो. दाराच्या चौकटीचा किंवा छताजवळच्या मुठीचा आधार घ्यायचा, पण दार लावणाऱ्याने त्यांची बोटं चौकटीत नाहीत ना, ते बघूनच लावायचं. आणि गाडी उभी करताना गटाराच्या काठाला, खड्ड्यात किंवा वाळूवर करू नका. सपाट जागा दहा पावलं पुढे असली तर तिथे नेऊन थांबा.