जुन्या फोटोतली माणसं आणि घर तुम्ही कसं ओळखलंत? (अनुभव धागा)

पायऱ्यांवर ओळीने बसलेली माणसं, मागे दार-खिडक्या, आणि निम्म्या चेहऱ्यांची नावं कुणालाच सांगता येत नाहीत, असा एखादा फोटो बहुतेक घरांत असतो. सांगू शकणारी माणसं एकेक करत जातात, म्हणून हा विषय मला तातडीचा वाटतो. कुणाला कशावरून ओळखलंत ते सविस्तर लिहा. ओळख अर्धवट राहिली असेल तरी लिहा. सुरुवात मी करते.

आमच्याकडे चेहऱ्यांच्या आधी पुठ्ठा बोलला. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साधारण अकरा बाय साडेसोळा सेंटिमीटर. या मापाला कॅबिनेट कार्ड म्हणतात. ते १८६६ च्या सुमारास आलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जोरात चाललं. मधोमध बसलेले चाळिशीचे गृहस्थ म्हणजे आजोबा, असं घरात सगळे धरून चालले होते. पण आजोबांचा जन्मच १९१२ चा! एक पिढी मागे सरकून त्यांना पणजोबा मानलं, तेव्हा बाजूच्या मुलांची वयं वंशावळीशी पटापट जुळत गेली.

*

माझा अनुभव आत्याचा. नव्वदीच्या आसपास वय, नजर अधू. मूळ फोटो हातात देण्याऐवजी मोठी प्रिंट काढून नेली आणि प्रत्येक माणसाच्या अंगावर आकडा घातला. "हा कोण, ती कोण" असं विचारत गेलो की ती गप्प व्हायची, परीक्षा घेतल्यासारखं वाटायचं तिला. मग माणसं सोडली आणि घराबद्दल विचारलं. या दारातून आत गेलं की काय लागायचं? एकदम सुरू झाली. डावीकडे धान्याची खोली, तिथे कायम अंधार, मुलांना आत जायची बंदी. तिसऱ्या पायरीचा कोपरा फुटलेला होता, तिथे पडून तिच्या हनुवटीला खोक पडली होती. भिंगातून पाहिलं तर तिसऱ्या पायरीचा उजवा कोपरा खरंच तुटलेला! घर तेच, हे तिथेच पक्कं झालं. त्यानंतर ती आपणहून म्हणाली, "आणि मला उचलून आत नेलं ते हिने," आणि बोट सात नंबरवर ठेवलं. ते नाव आमच्या वंशावळीत नव्हतंच. दूरच्या नात्यातली, लहानपणीच आधाराला आलेली बाई. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे राहिले.

*

कान बघा. दाढीमिश्या, केस, वजन सगळं बदलतं, पण मोठ्या माणसाच्या कानाचा मूळ घाट फारसा बदलत नाही. वयाबरोबर पाळी तेवढी लोंबते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या पोलिसांत अल्फोन्स बर्तियों यांनी ओळख पटवताना कानाला फार महत्त्व दिलं होतं, ते उगीच नाही. फक्त दोन्ही फोटोंत चेहऱ्याचा कोन सारखा हवा. माझ्या दोन चुलत आजोबांमधला घोळ असाच सुटला.

*

आमच्याकडे घर जुळत नव्हतं. जिना डावीकडे दिसायचा आणि आठवण असलेला प्रत्येक जण ठामपणे उजवीकडे सांगायचा. शेवटी भावाचं लक्ष कोटाच्या बटणांकडे गेलं. पुरुषांच्या कोटाचा डावा पदर सहसा उजव्यावर येतो. इथे सगळ्यांचाच उलटा. म्हणजे छापताना निगेटिव्ह पालथी पडली असणार. फोटो स्कॅन करून आरशासारखा फिरवला आणि जिना जागेवर आला. फोटो धातूच्या पत्र्यावरचा असेल तर हे आधीच तपासा, कारण टिनटाइप आणि डगेरोटाइपमध्ये चित्र सहसा उलटंच येतं.

*

वरच्या ताईंच्या आत्यांसारखीच आमची आजी. ती म्हणायची, "माझा झगा लालभडक होता." फोटोत मात्र तो काळाकुट्ट, म्हणून तिचं कुणी मनावर घेत नसे आणि ती मुलगी आजी नव्हेच असं ठरून गेलं होतं. फोटो टिपायच्या जुन्या काचा आणि फिल्मना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, निळा मात्र फार दिसे. त्यामुळे लाल काळा आणि निळा पांढरट उतरायचा. सर्व रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ मध्ये बाजारात आल्या, पण सर्रास वापर व्हायला बराच काळ गेला. आजीचं म्हणणं खरं होतं, आणि हे तिच्या हयातीत तिला सांगता आलं याचं मला फार समाधान आहे.

*

फोटोत कोण नाही तेही बघा. आमच्या फोटोत सगळी भावंडं आहेत, फक्त मधला काका नाही. खालच्या कडेला जमिनीवर एक लांब सावली पडली आहे, कोपर दुमडून पोटाशी काहीतरी धरलेल्या माणसाची. पेटी कॅमेरा तसाच कमरेशी धरून वरून बघत वापरायचे, आणि सूर्य पाठीशी घ्यायची पद्धत होती. कॅमेरा काकाकडे होता हे दोघा-तिघांना पक्कं आठवतं. त्यामुळे ती सावली आम्ही त्याच्या नावावर लिहिली आहे, पुढे "बहुधा" हा शब्द जोडून.

*

घरासाठी: रंग, छप्पर, दारं बदलतात. खिडक्यांमधलं अंतर, जोत्याची उंची आणि पायऱ्यांची संख्या सहसा टिकते. आजचा फोटो शक्य तितका त्याच जागेवरून काढून शेजारी ठेवा.

*

एक कळकळीची विनंती. चेहरे स्पष्ट करून देणारी ॲप्स नसलेले डोळे-ओठ आपल्या मनाने भरतात. त्यावरून कुणाला ओळखू नका, मूळ स्कॅनच वापरा. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), छोटा फोटो असेल तर १२०० ला, आणि मागची बाजूही स्कॅन करा. पुसट झालेली पेन्सिल बाजूने तिरका टॉर्च मारला की बरेचदा वाचता येते. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका.

नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने, मागच्या कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि शाई पसरते. दोन वडीलधारी दोन नावं सांगत असतील तर दोन्ही लिहा, कुणी कधी सांगितलं त्यासकट. आणि "डावीकडून" एवढंच लिहू नका, "बघणाऱ्याच्या डावीकडून" असं लिहा. आमच्याकडे याच एका शब्दावाचून मागची अख्खी रांग दोन प्रकारे वाचली जाते.