सीनियर इयर : फॅफ्सा, नावाचा घोळ आणि जूनपर्यंतची कामं (अमेरिका)

सोनचाफा :
नमस्कार मंडळी. लेक यंदा बारावीला, म्हणजे सीनियर इयरला आहे. न्यू जर्सीत पब्लिक स्कूल. तिचा जन्म इथलाच, आम्ही दोघं एच-१बी वर (नोकरीचा व्हिसा). यादीत दोन सरकारी विद्यापीठं आणि चार खाजगी कॉलेजं आहेत. तीन ठिकाणी अडलंय. आमच्या व्हिसामुळे तिच्या फॅफ्साला (कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जाला) बाधा येते का, आणि पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट त्यात दाखवायचा का? पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव आहे, शाळेच्या दफ्तरी नाही. मग कुठे कोणतं लावायचं? आणि अर्ज गेल्यावर जूनपर्यंत नक्की काय उरतं?

गोदाकाठ :
व्हिसाची बाधा नाही. फॅफ्सात पात्रता मुलीची पाहतात, आईवडिलांची नाही.

फॉर्म साधारण १ ऑक्टोबरला उघडतो, पण त्याची लॉगिन खाती आजच काढा. मुलीचं एक आणि पालकाचं वेगळं. एकाच ईमेलवर किंवा फोन नंबरवर दोन खाती काढली की पुढे लॉगिन अडतं. तुम्ही टॅक्स एकत्र भरत असाल तर एका पालकाचं खातं पुरतं, वेगवेगळा भरत असाल तर दोघांचं लागतं. नंतर आयआरएसकडून (टॅक्स खात्याकडून) आकडे घेण्याची संमती मुलीने आणि पालकाने आपापल्या लॉगिनमधून द्यायची असते. ही संमती राहिली की फॉर्म गेलेला दिसतो, पण मदतीचा हिशोबच होत नाही. बरेच फॉर्म इथे अडकतात. आणि फॅफ्सा टाळायचा विचारही करू नका: न्यू जर्सीत २०२५ ते २०२७ च्या बॅचेसना फॅफ्सा किंवा त्याऐवजी माफीचा अर्ज ही डिप्लोमाचीच अट केली आहे.

पुण्याचा फ्लॅट दाखवायचा. राहतं घर आणि ४०१के (निवृत्तीचं खातं) फॅफ्सात धरत नाहीत. दुसरं घर मात्र, ते कुठल्याही देशात असो, गुंतवणूक ठरतं. फॉर्म भरता त्या दिवशीची बाजारभावाची किंमत घ्या, त्यावरचं कर्ज वजा करा, डॉलरमध्ये करा. सासऱ्यांबरोबर जोडनावावर असेल तर तुमच्या वाट्यापुरतीच रक्कम. भारतातल्या एफडी आणि बचत खातीही त्याच न्यायाने. पालकांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग दरवर्षी खर्चाला उपलब्ध आहे असं धरतात, म्हणजे १ लाख डॉलरच्या फ्लॅटमागे फार तर ५,६४० डॉलर. मुलीच्या स्वतःच्या नावावरच्या पैशाचा मात्र २० टक्के धरतात. आजीने वाढदिवसांना दिलेले पैसे तिच्या खात्यात साठले असतील तर हा फरक जाणवतो. पालकाच्या नावावरचं ५२९ खातं (शिक्षणासाठीचं बचत खातं) पालकांच्या मालमत्तेत जातं, ते ठीक.

खाजगी कॉलेजांपैकी बरीचशी सीएसएस प्रोफाइल हा मदतीचा दुसरा फॉर्मही मागतात. तो फॉर्म जास्त खोलात जातो. राहत्या घरातली तुमची मालकीही विचारतो. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढे प्रत्येकी १६. फॅफ्सा आणि प्रोफाइल दोन्हींसाठी कॉलेज सुरू होण्याच्या वर्षापेक्षा दोन वर्षं आधीचा टॅक्स रिटर्न लागतो, फ्लॅटचं भाडं त्यात दाखवलेलं असायला हवं.

पाटीपेन्सिल :
नावाबद्दल. मूळ धरायचं ते सोशल सिक्युरिटी कार्ड. फॅफ्सात नाव आणि जन्मतारीख त्या कार्डाशी ताडतात, एक अक्षर इकडेतिकडे झालं तरी जुळणी फसते. आधी कार्ड काढून बघा, कारण त्यावर मधलं नाव असेलच असं नाही. मग कॉमन ॲप (अनेक कॉलेजांचा एकच प्रवेशअर्ज), एसएटी ही प्रवेशपरीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड आणि शाळेचं दफ्तर हे तिन्ही त्याच्याशी जुळवा. शाळेच्या नोंदीत बदल ऑक्टोबरच्या आत करून घ्या, कारण ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) आणि डिप्लोमा दोन्ही त्याच नोंदीवरून छापले जातात. एसएटीचे गुण एका नावाने आणि अर्ज दुसऱ्या नावाने गेला, की कॉलेजच्या पोर्टलवर ‘गुण मिळाले नाहीत’ असं दिसत राहतं.

अर्जाबाबत सगळ्यात जास्त जपायची गोष्ट म्हणजे शिफारसपत्रं. अकरावीला मुख्य विषय शिकवलेले दोन शिक्षक निवडून शाळा सुरू होताच विचारा. कॉलेजची तारीख १ नोव्हेंबर असली तरी काउन्सेलर ऑफिसची स्वतःची तारीख बहुधा तीन-चार आठवडे आधीची असते, आणि ती कॉलेजच्या साइटवर दिसत नाही. कॉमन ॲपमध्ये शिफारसपत्रं बघण्याचा हक्क सोडता का, असं विचारतात. तिथे ‘हो’ म्हणावं. न सोडलेल्या हक्काखालच्या पत्राला वजन कमी मिळतं.

निबंध ६५० शब्दांपर्यंत, उपक्रम १०, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. इथे आपली मुलं मराठी शाळा, ढोलताशा पथक, गणेशोत्सवाचं काम गाळतात. गाळू नये. आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, हे खरेखुरे आकडे घालून लिहावं.

अर्ली डिसिजन (एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज) बंधनकारक असतं, मिळालं की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. म्हणून त्या कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता अंदाजे खर्च दाखवणारा) आधी चालवून बघा. आलेला आकडा झेपणारा नसेल तर अर्ली ॲक्शन (लवकर, पण बंधन नाही) किंवा रेग्युलरच बरं.

चिंचबन :
मधेच विचारते. आमचा मुलगा नाशिकला जन्मलेला, एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे. त्याला यातलं काय लागू?

गोदाकाठ :
फॅफ्साची मदत, केंद्राचं कर्ज आणि वर्क-स्टडी (शिकताना कॉलेजातलं पगारी काम), तिन्ही नाहीत. कॉलेजच्या स्वतःच्या मेरिट स्कॉलरशिप बऱ्याच ठिकाणी खुल्या असतात. इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांसाठीची कमी फी) राज्याच्या नियमावर ठरते. अनेक राज्यांत एच-४ ला मिळते. कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला ईमेल करून उत्तर लेखी घ्या, फोनवरचं तोंडी उत्तर नंतर कामी येत नाही. प्रवेशाच्या वेळी त्याला आंतरराष्ट्रीय गटात धरणार का, हेही त्यातच विचारा.

कॉलेजला जायला एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) लागत नाही, एच-४ वर पूर्णवेळ शिकता येतं. पण २१ वं वर्ष पूर्ण झालं की एच-४ संपतं, आणि तो दिवस बहुतेक मुलांचा तिसऱ्या-चौथ्या वर्षात येतो. एफ-१ वर जाण्याचा अर्ज कित्येक महिने रेंगाळू शकतो, तेव्हा वर्षभर आधीच वकिलाला भेटा. ग्रीनकार्डच्या रांगेत असाल तर सीएसपीएचं वय (त्या कायद्याने ग्रीनकार्डसाठी धरलं जाणारं मुलाचं वय) मोजून घ्या. एफ-१ झाल्यावर अनेक राज्यांत इन-स्टेट फी जाते. चार वर्षांचा हिशोब मांडताना हे आत्ताच धरा.

आणखी एक. कॉलेजच्या आरोग्य फॉर्ममध्ये जन्मदेश किंवा तिथला मुक्काम पाहून क्षयरोगाची चाचणी मागतात. लहानपणी बीसीजी टोचलेलं असेल तर त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्सरे वगैरे मागे लागतं. डॉक्टरांकडे रक्ताची चाचणी, आयग्रा, मागा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

पाटीपेन्सिल :
सोनचाफाताई, तिसऱ्या प्रश्नाचं.

मार्च-एप्रिलमध्ये मदतीची पत्रं येतात. त्यात कर्जही ‘मदत’ म्हणून मोजलेलं असतं. एकूण खर्चातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा करून कॉलेजांची तुलना करा. वर्क-स्टडी बिलातून वजा होत नाही, काम केल्यावर पगार म्हणून मिळते. पहिल्या वर्षाचं केंद्राचं विद्यार्थी-कर्ज ५,५०० डॉलरपर्यंतच. १ मेपर्यंत एकाच कॉलेजला डिपॉझिट भरायचं. वसतिगृहाचं बहुधा वेगळं असतं आणि खोल्या त्या क्रमाने जातात.

मेमध्ये अभ्यास सुटला की घात होतो. जूनचं अंतिम ट्रान्सक्रिप्ट कॉलेज बघतं, डी-एफ दिसला म्हणून प्रवेश मागे घेतल्याची उदाहरणं आहेत. ते शाळेकडून मुद्दाम मागवावं लागतं. शाळेचं लॅपटॉप किंवा पुस्तकांचं देणं बाकी असेल तर कागद अडू शकतात. एपीचे (शाळेतच दिलेल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांचे) गुण एका कॉलेजला फुकट पाठवायची मुदत २० जून, नंतर पैसे.

१८ पूर्ण झाले की रुग्णालय तुम्हाला काही सांगायला बांधील नाही. हेल्थ केअर प्रॉक्सी (तिच्या वतीने उपचाराचे निर्णय घ्यायचा अधिकार) आणि हिपाची (आरोग्याच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा) संमती सही करून फोनमध्ये ठेवा. मार्क बघायचे असतील तर फर्पाची (विद्यार्थ्याच्या नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा) संमती तिने कॉलेजच्या पोर्टलवर द्यावी लागते. मेनिंजायटिसची लस न्यू जर्सीत सक्तीची आहे. आणि पहिल्या बिलात कॉलेजचा विमा आपोआप लागलेला असू शकतो, हजारोंचा. तुमच्या विम्यावर ती २६ पर्यंत राहू शकते, पण कॉलेजच्या गावात त्याचे डॉक्टर आहेत ना ते बघून मुदतीत वेव्हर (तो विमा नको असा अर्ज) भरा. मुदत उलटली की ते पैसे सहसा परत मिळत नाहीत.

सोनचाफा :
मनापासून आभार. कार्ड काढून पाहिलं, त्यावर मधलं नाव नाही! म्हणजे शाळेच्या दफ्तरात काही बदलायला नको. आजी-आजोबा जूनमध्ये ग्रॅज्युएशनला येणार आहेत, त्यासाठी काही?

पाटीपेन्सिल :
समारंभाची तिकिटं शाळा मोजून देते, पावसामुळे आत घ्यावा लागला तर आणखी कमी. काउन्सेलरला जादा तिकिटांची यादी कधी उघडते ते विचारा आणि नाव आधीच घाला. विमानाचं तिकीट काढण्याआधी शाळेच्या कॅलेंडरवर बर्फाच्या सुट्ट्यांची टीप वाचा; त्या भरून काढायला ग्रॅज्युएशन पुढे ढकललं जाऊ शकतं, म्हणून छापील तारखेनंतर आठवडाभर मोकळा ठेवून परतीचं तिकीट काढा.