उन्हाळी इंटर्नशिप: मोठ्या कंपनीसाठी दुसऱ्या वर्षापासून तयारी करावी, की लोटे-जयगडचे कारखाने बरे?

भाट्येकर
रत्नागिरी-चिपळूण-देवरूखकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांबद्दल एक ठाम मत मांडतोय. पटलं नाही तर खुशाल विरोध करा.

मोठ्या कंपन्यांच्या उन्हाळी इंटर्नशिपला आपली मुलं मागे पडतात, कारण त्यांना वेळापत्रकच उशिरा कळतं. पुढच्या मे-जूनची भरती बऱ्याच मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या आदल्या जुलै ते सप्टेंबरातच उरकून घेतात. तिसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू होतात न होतात तोच ऑनलाइन टेस्ट समोर येते. आपल्याकडे चौकशी सुरू होते फेब्रुवारी-मार्चात, आंबा काढणीला आल्यावर.

म्हणून तयारी दुसऱ्या वर्षीच करायला हवी. टेस्टला साधारण तास-दीड तासात दोन-तीन प्रॉब्लेम सोडवायचे असतात. उदाहरणार्थ, एक लाख आकड्यांतून ठराविक बेरीज येणारी जोडी शोधा. एकात एक दोन लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड) घातले की जवळजवळ ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागतात आणि टाइम लिमिट संपते. पाहिलेले आकडे हॅश मॅपमध्ये (हवी ती नोंद झटकन सापडेल अशा साठ्यात) टाकत गेलात तर यादीवरून एकदाच फिरून उत्तर मिळतं. हे सुचायला सराव लागतो. रोज तासभर दिला तर वर्षात हात बसतो, टेस्टच्या आधी पंधरा दिवस जागून बसत नाही.

लोटे_प्लांट
तुमच्या म्हणण्यात इंजिनिअरिंग म्हणजे फक्त कॉम्प्युटर दिसतंय. मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकलच्या मुलांनी काय करायचं? खेड-चिपळूणच्या मधे लोटे परशुराम एमआयडीसी आहे. जयगडला बंदर आणि १२०० मेगावॉटचं वीज केंद्र आहे, अंजनवेलला गॅसवरचा वीज प्रकल्प आहे. घरचं जेवून ही कामं शिकता येतात.

कॅव्हिटेशनची (दाब उतरल्यावर पंपात वाफेचे बुडबुडे होऊन फुटण्याची) व्याख्या पाठ असलेला मुलगा पंपाशेजारी उभा राहतो आणि आतून खडे फिरल्यासारखा आवाज ऐकतो. सक्शनचा, म्हणजे पाणी आत खेचणाऱ्या बाजूचा, गेज बघतो, दाब उतरलेला दिसतो. कामाचं परमिट घेऊन, पंप बंद करून फिटर स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) उघडतो, तो गाळाने भरलेला असतो. साफ करून पंप परत चालू केला की आवाज गेलेला असतो. एवढं पाहिलेला मुलगा मुलाखतीत अडखळत नाही. कंपनीच्या मोठ्या नावापायी हे सोडायला सांगणं मला चुकीचं वाटतं.

भाट्येकर
कोअर ब्रँचबद्दल तुमचं मान्य. पण प्लांटला गेलेली किती मुलं खरंच गेज बघतात? बरीचशी चार आठवडे कंट्रोल रूमच्या कोपऱ्यात बसतात आणि शेवटी सर्टिफिकेट घेऊन येतात.

लोटे_प्लांट
त्यावर उपाय आहे. पहिल्याच आठवड्यात साहेबांकडून एक प्रश्न मागून घ्यायचा. या पंपाला महिन्याला वीज किती लागते आणि दर घनमीटर पाण्यामागे ती किती पडते, एवढा साधा चालेल. मग शिफ्टमध्ये रोज रीडिंग घ्यायचं. जो मुलगा मागतो त्याला काम मिळतं, हे मी खात्रीने सांगतो.

तिसरं_वर्ष_सीएस (देवरूख)
दादा, रोज तासभर हे बोलायला सोपं आहे. जर्नल, सबमिशन, ओरल, शिवाय एसटीने येणं-जाणं. आणि जुलै-ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे ऐन पावसाळा. टेस्ट कॅमेरा लावून असते, टॅब बदलला तरी नोंद होते. मधेच लाइट गेली, रेंज गेली तर कोणाला सांगायचं? मागच्या वर्षी एका सिनिअर ताईची टेस्ट अशीच अर्ध्यावर तुटली. कंपनीला मेल केला, उत्तरच आलं नाही. दुसऱ्या एकीची निवड झाली, तर तिला मेच्या मध्यावर हजर व्हायला सांगितलं, तेव्हा विद्यापीठाचे पेपर चालू होते. या अडचणी मुंबईच्या मुलांना एवढ्या नाहीत.

झिलाचो_बापूस (मालवण)
माझो झील तिसऱ्या वर्षाक आसा. पुण्याक दोन म्हयने रवाचा म्हटला तर रूम, मेस, डिपॉझिट ह्यो खर्च खंयसून आणूचो? एकान तर इंटर्नशिप देतंव म्हणान आमच्याकडेच पैशे मागितल्यान.

भाट्येकर
काका, पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. काम आपला मुलगा करणार, तर पैसे कंपनीने त्याला द्यायचे. मोठ्या कंपन्या स्टायपेंड देतात, काही राहण्याचीही सोय बघतात. होकार कळवायच्या आधी दोन्ही गोष्टी लेखी विचारून घ्या, त्यात संकोच नको. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचं नाव कोणी सांगेल. तिच्यात महिना ५००० रुपये आणि १२ महिन्यांची मुदत ठरवली होती, पण पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलांना ती नव्हती.

घरी बसून करण्यासारखं हवं असेल तर गुगल समर ऑफ कोड आहे, २००५ पासून चालू. ओपन सोर्स, म्हणजे आपला कोड सगळ्यांना खुला ठेवणाऱ्या संस्थांसाठी कोड लिहायचा, मानधन मिळतं, मालवणातूनही करता येतं. अर्जाच्या काही महिने आधीपासून त्या संस्थेच्या कोडमध्ये छोट्या दुरुस्त्या पाठवत राहायला हवं.

मूळ_गुहागर
मी पुण्यात इंटर्नच्या मुलाखती घेतो. दोघांच्याही बोलण्यात प्रोजेक्ट राहून गेला. समोर येणाऱ्या रेझ्युमेंत तेच ते असतं, लायब्ररी मॅनेजमेंट नाहीतर चेहरा ओळखून हजेरी. दोन प्रश्न विचारले की कळतं, कोड कुठून तरी उचललाय.

कोकणातल्या मुलाच्या घरात खरा प्रोजेक्ट पडलेला असतो. वाशीला आंबा पाठवला की दलालाकडून पट्टी येते. पेट्या किती, कुठल्या प्रतीच्या, दर काय लागला, त्यातून भाडं आणि हमाली वजा. घरोघरी हा हिशोब वहीत असतो आणि मेअखेर कोणाला जुळत नाही. एका मुलाने मला यावरचं ॲप दाखवलं, त्याची आई ते वापरत होती. मी विचारलं, बागेत रेंज नाही, दोन फोनवर एकाच गाडीची नोंद झाली, मग खरी कुठली धरायची? त्याने सांगितलं की आधी नंतरची नोंद ठेवत होतो, त्यात आईने भरलेल्या पेट्या पुसल्या गेल्या, म्हणून आता दोन्ही ठेवतो आणि माणसाला निवडायला लावतो. पुढे आम्ही ट्रान्झॅक्शन (एकत्रच पुऱ्या व्हायच्या नोंदी), प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख), माहितीची टेबलं कशी तोडलीस यावर बराच वेळ बोललो. डीबीएमएस, म्हणजे डेटाबेसचा विषय, त्याने त्या वहीतून शिकून घेतला होता.

भाट्येकर
हे आवडलं. पण टेस्टमध्ये जो गळतो त्याचा प्रोजेक्ट तुमच्यापर्यंत पोचतच नाही. क्रम उलटा करू नका. आधी सराव, मग ॲप.

मूळ_गुहागर
तुमचा क्रम मोठ्या नावांना लागू आहे. लहान कंपन्या बऱ्याचदा टेस्टच घेत नाहीत, थेट मेल केला तर काम बघून बोलावतात. मेल चार ओळींचा, सोबत चालणाऱ्या ॲपची लिंक. अशा कंपन्या डिसेंबर-जानेवारीतही मुलं घेतात, म्हणजे ऑगस्ट हुकला तरी वर्ष जात नाही. सगळ्यांना दहा-वीस मोठ्या नावांमागे लावलंत तर बाकीची मुलं निराश होऊन सोडून देतील, मला भीती त्याची आहे.

लोटे_प्लांट
याला माझा पूर्ण पाठिंबा.

भाट्येकर
निराश होतील म्हणून प्रयत्नच करू नका, हे मला मान्य नाही. दोन्ही अर्ज करा, पण जुलैचा चुकवू नका.

तिसरं_वर्ष_सीएस
आम्ही मैत्रिणींनी ठरवलंय की टेस्ट घरून द्यायची नाही. कॉलेजच्या लॅबला जनरेटर आणि केबलचं इंटरनेट आहे. टेस्टच्या दिवशी ती रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावी म्हणून सोमवारी एचओडी (विभागप्रमुख) सरांना अर्ज देणार आहोत. दुसऱ्या वर्षाच्या कोणाला त्यात नाव घालायचं असेल तर रविवारपर्यंत सांगा. आणि गुहागरचे दादा, पट्टीचं ॲप मलाही करायचंय, आमच्याकडे काजूचा हिशोब आहे. टेबलं कशी पाडायची ते मी लिहून टाकते, बघाल का?