मदत हवी आहे: रिॲलिटी शोच्या करारावर सही करण्याआधी काय पाहावं?

नमस्कार मंडळी. माझ्या ताईला एका रिॲलिटी शोसाठी विचारणा झाली आहे. एक नावाजलेली अभिनेत्री काही दिवस ताईच्या घरी राहणार आणि ताई तिच्या घरी. ताई हरखून गेली आहे, मला मात्र भाच्याची काळजी वाटते. तो लहान आहे आणि करारात त्याचंही नाव आहे.

ब्रिटनमध्ये २००३ साली 'वाइफ स्वॅप' हा असाच शो सुरू झाला, दोन घरांतल्या बायका एकमेकींच्या घरी राहायला जायच्या. त्यात पहिला आठवडा यजमान घराचे नियम, दुसऱ्या आठवड्यात पाहुणीचे. म्हणजे भांडण व्हावं अशीच मांडणी. शिवाय कितीतरी तासांचं चित्रीकरण एका भागात बसवतात. वेगवेगळ्या वेळी बोललेले तुकडे जोडून एक वाक्यही तयार होतं. अभिनेत्रीची प्रतिमा सांभाळायला माणसं असतात, ताईची कोण सांभाळणार?

मसुद्यात चित्रण हवं तसं संपादित करायचा हक्क निर्मात्यांना दिलाय. यात बदल मागता येतो का? मुलाला कॅमेऱ्यासमोर आणायचं नाही, अशी अट कुणी घालून घेतली आहे का? मधेच बाहेर पडलं तर भरपाई मागतात का? असे करार पाहणारे वकील किंवा स्वतः अशा शोमधून गेलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा. सही याच आठवड्यात करायची आहे.