नववी-दहावीसाठी ‘बनगरवाडी’

नववीतल्या मुलांना जुनं काय वाचायला द्यावं, या प्रश्नावर इतरांकडून ‘श्यामची आई’ आणि ‘मृत्युंजय’ ही नावं आलीच आहेत. माझं मत व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ला (१९५५). कादंबरी छोटी, वाक्यं आखूड, आणि निवेदक कोवळ्या वयाचा मास्तर. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत तो येतो, तेव्हा शाळेत पोरंच नसतात. कारभाऱ्याचा विश्वास मिळवणं, तालीम उभी करणं आणि मग दुष्काळात डोळ्यांदेखत वाडी रिकामी होणं, हे सगळं माडगूळकर जराही आवाज न चढवता सांगतात. पंधरा वर्षांच्या वाचकाला ते थेट भिडतं. त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ द्या. संक्षिप्त नको, पूर्णच. सुरुवातीची सोवळ्याओवळ्याची प्रकरणं मुलं खदखदून हसत वाचतील.