पुस्तक, मालिका आणि मेतकूट-भात

नव्याने स्वयंपाकाला लागलेल्यांना कोणते पुस्तक द्यावे, या प्रश्नावर अनेकांनी सचित्र आणि महागडी पुस्तके सुचवली आहेत. माझे मत मात्र कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’कडेच झुकते. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात प्रमाण वाटी आणि चमच्यांत दिलेले असल्यामुळे घरात वजनकाटा नसला, तरी काही अडत नाही, शिवाय एकच वाटी शेवटपर्यंत वापरली की चार जणांचे प्रमाण दोघांसाठी निम्मे करणेही सोपे जाते. मीठ-तिखट मात्र आपल्या जिभेनुसार ठरवावे. सारस्वत पद्धतीच्या आमट्या आणि नारळाचे पदार्थ हवे असतील, तर ‘रसचंद्रिका’ जोडीला ठेवावी, परंतु ती दुसरे पुस्तक म्हणून.

पुस्तकाप्रमाणेच दूरचित्रवाणीवरील एखादी मालिका सुचवायची, तर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आवर्जून पाहावी. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावर आधारलेल्या आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत तीन पिढ्यांचे कुरबुरते, पण एकमेकांना धरून राहणारे मध्यमवर्गीय घर दिसते, आणि कटकारस्थानांवाचूनही भाग रंगतो. हल्लीच्या मालिकांमधील पार्श्वसंगीताचा मारा सोसत नसणाऱ्यांना तर ती विशेष रुचेल.

रोजच्या सुखांत मी मऊ, गरम भातावर मेतकूट, साजूक तूप आणि किंचित मीठ यांचे नाव सुचवीन. मेतकूट घरी करणार असाल, तर डाळी आणि तांदूळ वेगवेगळे, मंद आचेवर भाजावेत, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ निराळा असतो. सोबत पोह्याचा पापड हवाच.