जनुक जागं झालं म्हणजे प्राणी तगला?

उष्णतेत सी अर्चिनचं (समुद्रातल्या काटेरी, गोलसर प्राण्याचं) जी६पीडी जनुक जास्त व्यक्त होत असेल, म्हणजे त्याच्या आरएनए प्रती जास्त बनत असतील, तर प्राणी ताण पेलतोय, असा एक सूर चर्चेत ऐकू येतो. मला ही उडी मोठी वाटते.

या जनुकावरून बनणारं जी६पीडी हे एन्झाइम ग्लुकोजचा काही वाटा एनएडीपीएच हा पेशीच्या बचावाला लागणारा रेणू बनवण्याकडे वळवतं. पाणी तापलं की पेशीत ऑक्सिजनचे घातक रेणू वाढू शकतात. त्यांना निकामी करणारं ग्लुटाथायोन पुन्हा कामाला जुंपायला हेच एनएडीपीएच लागतं. म्हणून जनुकाची हालचाल अर्थपूर्ण नक्कीच आहे. पण आरएनए वाढला म्हणजे एन्झाइमचं काम वाढलंच, असं नाही. उलटही घडतं! सी अर्चिनच्या अंड्यात फलन होताच काही मिनिटांत, पेशीतल्या रचनांना बांधलेलं जी६पीडी सुटं होतं. त्यासाठी जनुकाला काही करावं लागत नाही.

शिवाय तापमान १० अंशांनी चढलं की बहुतेक एन्झाइमांचा वेग नुसत्या उष्णतेनेच दुप्पट-तिप्पट होतो, अर्थात प्रथिन टिकून असेल तोवर. आणि ताण पेलण्याचीही किंमत असते: बिघडलेली प्रथिनं सावरणाऱ्या एचएसपी७० या प्रथिनाला एटीपी (पेशीचं ऊर्जा पुरवणारं रसायन) लागतं, म्हणजे सी अर्चिनच्या अळीच्या वाढीसाठी तेवढी ऊर्जा कमी उरते.

त्यामुळे त्याच अळ्यांमध्ये एन्झाइमची क्रिया, श्वसनाचा दर आणि सांगाड्याची लांबी एकत्र मोजायला हवी. नर-माद्यांच्या जोड्याही वेगळ्या नोंदवाव्यात, कारण उष्णता सोसण्यातला बराच फरक आईबापांकडून आलेला असू शकतो.